विंडोची चौकट कोणाची? एकेका अ‍ॅपचं रूप आपल्या सोयीनं बदलताना

(देवळाली कॅम्प येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

सगळ्या डेस्कटॉपचं रूप एकदम कसं बदलायचं हे बहुतेकांना ठाऊक असतं. अक्षरं मोठी करायची, काळा थीम लावायचा, माउसचा बाण जाड करायचा. आज त्याहून बारीक प्रश्न घेऊ. सगळा पडदा जसाच्या तसा ठेवून फक्त एकाच अ‍ॅपची विंडो वेगळी दिसायला हवी असेल, तर काय करायचं? आणि ते करण्याचा अधिकार नक्की कोणाचा?

हा हौसेचा विषय आहे असं कुणाला वाटेल. पण आमच्या मते इथे तीन खऱ्या गरजा आहेत. पहिली गरज डोळ्यांची. एखाद्याच अ‍ॅपमधली अक्षरं बारीक असतात, बाकी सगळं ठीक असतं. त्या एकासाठी सगळा पडदा दीडपट केला, की हिशेबाच्या तक्त्यातले उजवीकडचे रकाने पडद्याबाहेर जातात. दुसरी गरज ओळखीची. सोसायटीची यंदाची वही आणि गेल्या वर्षीची वही, दोन्ही शेजारी उघड्या आहेत आणि दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. चुकीच्या वहीत आकडा पडायला एक क्षण पुरतो. तिसरी गरज विश्वासाची. समोरची विंडो खरोखर आपल्या बँकेचीच आहे ना? या तिसऱ्या गरजेकडे आपण शेवटी येऊ, कारण तिथे रंगाचा प्रश्न पैशांचा होतो.

विंडो एकट्यानं कुणी रंगवत नाही

आधी हे समजून घ्यायला हवं, की पडद्यावर जी विंडो दिसते ती एका हातची नसते. तिच्यात तीन थर असतात.

सगळ्यात आत अ‍ॅपचा मजकूर. पत्राची अक्षरं, बटणं, मेनू हे सगळं अ‍ॅप स्वतः रंगवतं. त्यासाठी ते तयार साहित्य वापरतं, लिनक्सवर बहुतेकदा जीटीके किंवा क्यूटी. मग येते बाहेरची चौकट, म्हणजे वरची टायटल बार, कडा आणि बंद करण्याची फुली. ती परंपरेनं विंडो मॅनेजर नावाचा वेगळा प्रोग्रॅम रंगवतो. आणि तिसरा थर मिश्रणाचा. सगळ्या विंडो एकावर एक ठेवून अंतिम चित्र बनवणारा जो भाग असतो त्याला कॉम्पोझिटर म्हणतात. एखादी विंडो अर्धपारदर्शक करणं किंवा तिचे रंग उलटे करणं हे त्याच्या हातात असतं.

आपण कॅम्पात राहणारी माणसं, तेव्हा इथलंच उदाहरण घेऊ. कॅन्टोन्मेंटमधल्या कित्येक जुन्या बंगल्यांत जमीन सरकारची आणि इमारत राहणाऱ्याची, अशी व्यवस्था चालत आली आहे. घरात पलंग कुठे ठेवायचा हे तुम्ही ठरवता. पण नवी खोली काढायची, कुंपण हलवायचं, तर बोर्डाची परवानगी लागते. डेस्कटॉपवरही असंच आहे. आतलं घर अ‍ॅपचं, हद्द आणि कुंपण विंडो मॅनेजरचं. फरक एवढाच, की इथे बोर्डाचे नियम तुम्ही स्वतः लिहू शकता.

ही वाटणी काही आपोआप झालेली नाही. 1984 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये एक्स विंडो सिस्टिमचं काम सुरू झालं. बॉब शाइफलर आणि जिम गेटीज ही त्यातली प्रमुख नावं. तिची अकरावी आवृत्ती 1987 साली आली आणि लिनक्सवर तीच पुढे कित्येक वर्षं चालली. तिच्या कर्त्यांनी एक धोरण ठरवलं होतं: आम्ही साधन देऊ, ते कसं वापरायचं हे ठरवणार नाही. विंडोची चौकट कशी दिसावी हे मूळ यंत्रणेत लिहिलेलंच नाही. ते काम वेगळ्या प्रोग्रॅमकडे सोपवलं, आणि तो प्रोग्रॅम वापरणाऱ्यानं निवडायचा. म्हणून 1993 साली रॉबर्ट नेशन यांनी लिहिलेल्या एफव्हीडब्ल्यूएमसारख्या विंडो मॅनेजरमध्ये ‘या नावाच्या विंडोला असा रंग, त्या नावाच्या विंडोला चौकटच नको’ अशा ओळी लिहिता येत. आजच्या केडीई प्लाझ्मामध्ये तीच गोष्ट ‘विंडो रूल्स’ या नावानं, माउसनं करता येते.

नियमाची दोन अंगं

असा कोणताही नियम घ्या, त्याला दोन अंगं असतात. एक, हा नियम कोणत्या विंडोला लागू आहे. दोन, तिचं काय करायचं. लोक दुसऱ्या अंगाकडे धावतात, रंग निवडत बसतात. फसगत होते ती पहिल्या अंगात.

विंडो ओळखायची कशी? यंत्रणेकडे तिच्याबद्दल काही माहिती असते. एक तिचं शीर्षक, म्हणजे टायटल बारवर दिसतं ते. दुसरा तिचा वर्ग, म्हणजे ती कोणत्या अ‍ॅपची आहे ते सांगणारं आतलं नाव. याशिवाय ती मुख्य विंडो आहे की छोटी संवादचौकट, हा तिचा प्रकार. एक्सवर एक्सप्रॉप नावाची आज्ञा चालवली की बाणाचं अधिकचिन्ह होतं. हव्या त्या विंडोवर टिचकी मारली की तिची सगळी माहिती समोर येते. केडीईमध्ये तेवढंही करावं लागत नाही. विंडो पुढे आणा, आल्ट आणि एफ3 एकत्र दाबा, ‘मोअर अ‍ॅक्शन्स’मध्ये जा. तिथे दोन वेगळे पर्याय दिसतील: एक या विशिष्ट विंडोसाठी, दुसरा या सबंध अ‍ॅपसाठी.

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे दोन पर्याय पाहताच आम्हाला व्यक्ती आणि जाती आठवतात. ‘ही गाय’ आणि ‘गाय’ यांतला फरक. शीर्षक बदलत राहतं. फाइल बदलली, शीर्षक बदललं. वर्ग मात्र सहसा तोच राहतो. म्हणून शक्य तिथे नियम वर्गावर बांधावा. एकाच अ‍ॅपच्या दोन विंडोंत फरक करायचा असेल तेव्हाच शीर्षकाकडे वळावं.

न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगतात. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’वरच्या त्यांच्याच ‘दीपिका’ टीकेत ते गाईच्या उदाहरणानं येतात. गाय म्हणजे शिंगं असलेली, असं म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे कपिल रंगाची, असं म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे एका खुराची, असं म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. मग गाय ओळखायची कशावरून? गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीवरून. ती सगळ्या गाईंना असते आणि इतरांना नसते.

आता हेच तिन्ही दोष विंडोच्या नियमात पाहा. समजा आपण म्हटलं, शीर्षकात ‘पत्र’ हे अक्षर असेल ती विंडो पिवळी करा. हेतू पत्रव्यवहाराचा होता. पण ‘प्रमाणपत्र’, ‘वर्तमानपत्र’, ‘लग्नपत्रिका’ सगळ्याच पिवळ्या झाल्या. ही अतिव्याप्ती. मग सावध होऊन म्हटलं, शीर्षक तंतोतंत ‘पत्र’ असलं तरच. पण रायटर आपल्या शीर्षकात फाइलच्या नावापुढे स्वतःचं नावही जोडतो, त्यामुळे ‘पत्र’ नावाची फाइल उघडूनही नियम लागत नाही. एखाद्या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये लागेल, इथे नाही. ही अव्याप्ती.

आणि असंभव? तो मराठीत फार मजेदार रीतीनं होतो. ‘व्यापाऱ्यांचा हिशेब’ अशी फाइल आहे. त्यातला अर्धा ‘ऱ’ संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एका कीबोर्डवर खास ‘ऱ’ हे अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडणारा संकेत. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीनं ती वेगळी अक्षरमाळ. फाइलचं नाव एका कीबोर्डनं आणि नियम दुसऱ्यानं लिहिला असेल, तर तो नियम त्या फाइलला कधीच लागणार नाही, आणि का लागत नाही हे डोळ्यांना दिसणारही नाही. उपाय सोपा आहे. नियमात शीर्षक हातानं टाइप करू नका. केडीईत विंडोचे गुणधर्म उचलून घेण्याचं बटण आहे, ते वापरा. किंवा शीर्षकातला जोडाक्षर नसलेला तुकडा निवडा, जसं ‘हिशेब’.

सक्ती, सूचना आणि आठवण

आता दुसरं अंग. काय करायचं हे सांगताना केडीई आणखी एक प्रश्न विचारतं: किती जोरानं? तिथे सहा पर्याय आहेत. आपल्या भाषेत ते असे मांडता येतील: काहीच करू नका, सुरुवातीला एकदा लावा, शेवटचं लक्षात ठेवा, सक्ती करा, आत्ता एकदाच लावा, तात्पुरती सक्ती.

यातला फरक नीट पाहा. ‘सुरुवातीला लावा’ म्हणजे विंडो उघडताना एवढ्या मापाची उघडा, पुढे मी हवी तशी ओढीन. ‘सक्ती’ म्हणजे मी ओढली तरी हलू नका. आपण रागाच्या भरात सगळीकडे सक्ती लावतो आणि मग आठवड्यानं म्हणतो, ही विंडो मोठी का होत नाही? माप आणि जागा यांना ‘सुरुवातीला’ किंवा ‘लक्षात ठेवा’ पुरतं. सक्ती राखून ठेवावी ती रंगासाठी, जिथे ती ओळखीची खूण असते आणि बदलायला नकोच असते. नियमांत टायटल बारची रंगयोजना निवडण्याची सोय आहे. यंदाच्या वहीला हिरवी, जुन्या वहीला लाल. वर सांगितलेली दुसरी गरज एवढ्यानं भागते.

पारदर्शकतेबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण ती सगळ्यांना आवडते आणि वयस्क डोळ्यांना सगळ्यात जास्त त्रास देते. वाचनीयता मोजण्याचं एक माप आहे, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर. शुद्ध पांढऱ्यावर शुद्ध काळं असेल तर ते 21 ला 1 येतं. वेब-सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, ते साध्या मजकुरासाठी किमान 4.5 ला 1 मागतात. आता विंडो 70 टक्के अपारदर्शक केली आणि तिच्या मागे पांढरी विंडो आली, तर काळ्या अक्षराचं 21 हे माप साधारण 8.5 वर येतं. ते अजून वाचता येतं. पण आजकालच्या अ‍ॅपांत करड्या अक्षरांची फॅशन आहे. ते आधीच जेमतेम 4.5 असतात, ते 2.6 पर्यंत घसरतात. म्हणजे निकषाच्या बरंच खाली. म्हणून वाचायची विंडो पूर्ण अपारदर्शक ठेवा. मागच्या, काम न चाललेल्या विंडो थोड्या फिक्या केल्या तर चालतील. केडीईत त्यासाठी पुढची आणि मागची अशी दोन वेगळी मापं देता येतात.

उलट्या रंगांची सोय त्यामानानं फार उपयोगी. इन्व्हर्ट नावाचा इफेक्ट चालू केला, की मेटा, कंट्रोल आणि यू या तीन कळांनी फक्त समोरच्या विंडोचे रंग उलटतात. स्कॅन केलेलं जुनं पुस्तक पांढऱ्याफटक पानावर डोळ्यांत खुपत असेल, तर एका झटक्यात काळ्यावर पांढरी अक्षरं. फोटो मात्र निगेटिव्हसारखे दिसतील, तेवढं सोसायचं.

आणि मजकुराच्या अक्षरांचं काय? इथे आपलं कुंपणाचं उदाहरण आठवा. ती घराच्या आतली गोष्ट, विंडो मॅनेजरचा तिथे हात पोहोचत नाही. आधी त्या अ‍ॅपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पाहावं. तिथे नसेल तर अ‍ॅप सुरू करतानाच त्याला निरोप देता येतो. क्यूटीवर बांधलेल्या अ‍ॅपला ‘स्केल फॅक्टर’ सव्वा किंवा दीड असा सांगता येतो, जीटीकेवर बांधलेल्याला वेगळा थीम. हा निरोप त्या अ‍ॅपच्या आयकॉनमागच्या आज्ञेत लिहिला, की त्या अ‍ॅपपुरताच लागतो. देवनागरी वाचणाऱ्यांना याची गरज जास्त पडते. आपल्या लिपीत ओळीच्या वर रफार, अनुस्वार आणि वेलांट्या, खाली उकार. सगळं तेवढ्याच उंचीत बसवायचं, म्हणून इंग्रजीइतक्याच मापाचं मराठी अक्षर बहुतेक फॉन्टांत बारीक दिसतं. उंची ठरवताना केवळ रोमन लिपी डोळ्यांसमोर असेल, तर ‘र्की’चा रफार किंवा ‘कू’चा उकार कापलाही जातो.

चौकटीची साक्ष

आता तिसरी गरज. कुणी म्हणेल, सोपं आहे, शीर्षकात माझ्या बँकेचं नाव असेल ती विंडो हिरवी करा. हिरवी दिसली की निर्धास्त पासवर्ड टाकायचा.

मंडळी, असं करू नका. का ते सांगतो. ब्राउझरच्या विंडोचं शीर्षक कोण लिहितं? आत उघडलेलं पान स्वतः लिहितं. ठगानं बनवलेल्या पानानं आपल्या शीर्षकात बँकेचं नाव लिहिलं, की तुमचा नियम इमानेइतबारे त्या ठगाला हिरवी चौकट बहाल करील. चोरानं ‘मी पाहुणा’ म्हटलं आणि आपण पायघड्या घातल्या, तसं झालं. शब्दप्रमाणात आपण शिकतो, की शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह सांगणाऱ्याचा. स्वतःच स्वतःबद्दल दिलेली साक्ष ही साक्ष नव्हे.

मग करायचं काय? बँकेसाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल ठेवायचं, ते वेगळ्या आयकॉननं उघडायचं, आणि उघडताना त्याला वेगळं वर्गनाव द्यायचं. फायरफॉक्स आणि क्रोम दोघांनाही एक्सवर ते देता येतं. हा वर्ग पान ठरवत नाही, तुम्ही ठरवता. नियम त्या वर्गावर बांधायचा. आता हिरव्या चौकटीचा अर्थ ‘हे पान खरं आहे’ असा नाही, तर ‘ही मी बँकेसाठी राखलेली विंडो आहे’ एवढाच. ईमेलमधल्या दुव्यावरून उघडलेलं बनावट पान रोजच्या ब्राउझरमध्ये, साध्या चौकटीत उघडेल आणि तिथेच तुम्ही सावध व्हाल. पत्ता मात्र तरीही वाचायचाच.

हाच विचार टोकाला नेलेली एक सबंध यंत्रणा आहे, क्यूब्ज ओएस. योआना रुत्कोव्स्का यांच्या पुढाकारानं ती घडली, पहिली पूर्ण आवृत्ती 2012 साली आली. तिच्यात कामाची, घरची, बँकेची अशी वेगवेगळी दालनं असतात आणि प्रत्येक दालनाच्या विंडोला ठरलेल्या रंगाची कड असते. ती कड अ‍ॅप रंगवत नाही. सगळ्यांपासून वेगळा ठेवलेला मुख्य भाग ती रंगवतो. लाल दालनातल्या अ‍ॅपनं कितीही सोंग आणलं तरी त्याला हिरवी कड मिळत नाही. तिथे रंग हा सजावटीचा भाग नाही, तो त्रयस्थाचा शेरा आहे.

अ‍ॅप बनवणाऱ्यांची बाजू

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. 2019 च्या मे महिन्यात ग्नोमसाठी अ‍ॅप लिहिणाऱ्या काही मंडळींनी एक खुलं पत्र काढलं. म्हणणं असं, की लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांनी आमच्या अ‍ॅपांवर आपले थीम परस्पर चढवू नयेत. रंग बदलले की अक्षरं दिसेनाशी होतात, चिन्हांचा अर्थ बदलतो, आणि तक्रारी आमच्याकडे येतात. त्यांचा राग वितरणांवर होता. स्वतःच्या यंत्रावर स्वतः बदल करणाऱ्याला त्यांची हरकत नव्हती. हा भेद महत्त्वाचा आहे. दुसऱ्याच्या घराला परस्पर रंग देणं वेगळं आणि स्वतःच्या घराला देणं वेगळं.

पण काळाचा ओघ चौकट अ‍ॅपच्या हाती देण्याकडे आहे. 2008 साली क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी सुरू केलेल्या वेलँडवर ग्नोम तर आपल्या अ‍ॅपांनीच स्वतःची टायटल बार रंगवावी अशा मताचं आहे. दिसायला ते सुबक असतं, टायटल बारमध्येच बटणं येतात, जागा वाचते. पण त्रयस्थाच्या हातची चौकट गेली, की तिची साक्षही जाते. केडीईनं वेलँडवरही चौकट स्वतः रंगवण्याची सोय ठेवली आहे. तुमची गरज ओळखीची किंवा विश्वासाची असेल, तर डेस्कटॉप निवडताना हा प्रश्न जरूर विचारा.

प्रश्नोत्तरं

*सर, आमच्याकडे विंडोज आहे. आम्ही काय करायचं?*

विंडोजमध्ये अ‍ॅपवार टायटल बारचे रंग ठरवण्याची सोय अंगभूत नाही. पण अगदीच हात बांधलेले नाहीत. एखादंच जुनं अ‍ॅप बारीक दिसत असेल, तर त्याच्या प्रोग्रॅम फाइलवर उजवी टिचकी मारा, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, आणि तिथे ‘हाय डीपीआय’चं सेटिंग आहे. ते त्या अ‍ॅपपुरतंच लागतं. बँकेसाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल तिथेही करता येतं आणि त्याला वेगळा रंग देता येतो. मॅकवर 2023 च्या सोनोमा आवृत्तीपासून काही अ‍ॅपांच्या अक्षरांचं माप वेगवेगळं ठेवता येतं, अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये पाहा.

*नियम चुकला आणि विंडोची टायटल बारच नाहीशी झाली, तर ती परत कशी आणायची?*

घाबरायचं नाही. आल्ट आणि एफ3 ने येणारा मेनू टायटल बार नसतानाही येतो. तिथूनच तो नियम उघडा आणि काढून टाका. आणि एका वेळी एकच नियम लिहायचा, दोन दिवस वापरायचा, मग दुसरा. प्रत्येक नियमाला वर्णनाची जागा असते. तिथे तो का केला हे मराठीत एका ओळीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तुम्ही किंवा तुमची नात ते वाचेल, तेव्हा दोघांचाही वेळ वाचेल.

वेळ झाली. आज घरी गेल्यावर एवढंच करा: रोज उघडणाऱ्या विंडोंपैकी ज्या दोघींची गल्लत होते त्या शोधा, आणि त्यांतल्या एकीचाच रंग बदला. बाकीच्या तशाच राहू द्या. सगळ्याच रंगीत झाल्या तर खूण कोणाची म्हणायची?